विश्लेषण : संगणकात विंडोज नव्याने टाकताना डिस्कची वाटणी कशी करावी?

‘सी’ला किती जागा द्यायची आणि ‘डी’ला किती, हा प्रश्न साधा वाटतो. पण इन्स्टॉलेशनच्या त्या एका स्क्रीनवर चुकीच्या ओळीवर क्लिक झाले, तर कित्येक वर्षांचे फोटो, दुकानाचे हिशेब, प्रबंधाची प्रकरणे क्षणात जातात. पार्टिशन कशासाठी असतात, किती असावीत आणि ‘फॉरमॅट मारण्या’पूर्वी काय तपासावे, याचा आढावा.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे घराघरांत, दुकानांत आणि सरकारी कार्यालयांत रुळली होती. त्यानंतर अनेकांनी विंडोज ११ची वाट धरली, काहींनी जुन्या संगणकावर लिनक्स टाकण्याचा पर्याय निवडला. चालू विंडोजमधूनच अपग्रेड केले तर डिस्कची रचना सहसा आहे तशीच राहते. मात्र सगळे पुसून नव्याने इन्स्टॉलेशन करायचे ठरले, की डिस्कची वाटणी समोर येते आणि खरा धोका तिथेच असतो.

पार्टिशन म्हणजे नेमके काय?

संगणकातील डिस्क ही एक सलग जागा असते. तिचे कप्पे पाडले की प्रत्येक कप्पा म्हणजे एक पार्टिशन. प्रत्येक पार्टिशनची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, याची नोंद डिस्कवरच एका तक्त्यात ठेवलेली असते. विंडोज प्रत्येक वापरण्याजोग्या पार्टिशनला एक अक्षर देते. पहिले अक्षर ‘सी’ असण्यामागे इतिहास आहे. सुरुवातीच्या संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. हार्ड डिस्क नंतर आली आणि तिला ‘सी’ मिळाले. १९८३ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी एक्सटी’ या संगणकातील हार्ड डिस्क अवघी १० एमबीची होती. फ्लॉपी इतिहासजमा झाली, अक्षर मात्र कायम राहिले.

‘सी’ आणि ‘डी’ दोन वेगळी अक्षरे दिसली म्हणजे आत दोन डिस्क आहेत, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तसे नसते. एकाच डिस्कचे ते दोन कप्पे असतात. हा फरक ध्यानात घेतला की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

‘डी’ वेगळा ठेवल्याने काय साधते?

विंडोज बिघडली, व्हायरस शिरला किंवा संगणक फार मंद झाला, तर ‘सी’ पुसून तेथे नवी विंडोज टाकता येते आणि ‘डी’मधील फाइलींना धक्का लागत नाही. वेगळे पार्टिशन ठेवण्याचा हा खरा फायदा. बॅकअप घेतानाही कोणता भाग जपायचा, हे स्पष्ट असते.

मात्र ‘डी’ म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडले, तर ‘सी’ आणि ‘डी’ एकत्रच जातात. खंडणी मागणारे रॅन्समवेअर शिरले तर तेही ‘सी’पाशी थांबत नाही, संगणकाला जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हमधील फाइली कुलूपबंद करू पाहते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची निदान एक प्रत संगणकाबाहेर, म्हणजे एक्स्टर्नल डिस्कवर किंवा क्लाऊडवर हवीच. वेग वाढावा म्हणून पार्टिशन करणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे कप्पे पाडल्याने तिचा वेग वाढत नाही.

किती जागा कुणाला द्यावी?

आधी हिशेबातील एक गोंधळ. डब्यावर २५६ जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबी दिसते, ५१२ची सुमारे ४७६ आणि १ टीबीची ९३१. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटला १ जीबी म्हणते. वाटणी करताना विंडोजचा आकडा धरावा.

विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान जागा ६४ जीबी आहे. पण किमान जागेवर संगणक रोज वापरता येत नाही. अपडेटसाठी विंडोज काही जीबी जागा राखून ठेवते. मेमरी कमी पडली तर वापरायची पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, ब्राउझरचा साठा, प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर हे सगळे ‘सी’वरच असते. त्यावर ऑफिस, अकाउंटिंग, डीटीपी, फोटो संपादन अशी सॉफ्टवेअर येतात.

हे लक्षात घेता ढोबळ हिशेब असा मांडता येतो :

• २५६ जीबी एसएसडी : वाटणी करूच नये. सगळी जागा ‘सी’ला द्यावी आणि फाइली एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत बाहेर घ्यावी.

• ५१२ जीबी एसएसडी : ‘सी’ला २०० जीबीच्या आसपास, उरलेली जागा ‘डी’ला. मोठे गेम किंवा व्हिडीओ संपादन असेल तर ‘सी’ २५० जीबी.

• १ टीबी एसएसडी : ‘सी’ला २५० ते ३०० जीबी, बाकी ‘डी’ला.

• छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क, अशा दोन डिस्क : एसएसडी पूर्ण ‘सी’साठी, हार्ड डिस्क पूर्ण ‘डी’साठी. दोन्हींपैकी एकीचेही आणखी तुकडे करण्याची गरज नाही.

पूर्वी सी, डी, ई, एफ असे चार-पाच ड्राइव्ह पाडण्याची पद्धत होती. गाणी एकात, फोटो दुसऱ्यात, सिनेमे तिसऱ्यात. आज त्याने तोटाच होतो. एका कप्प्यात जागा रिकामी पडून राहते आणि दुसरा लाल होतो. विषयवार मांडणीसाठी फोल्डर पुरेसे आहेत.

आकार नंतर बदलता येत नाही का?

येतो, पण मर्यादेत. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून ‘डी’ लहान करता येतो, पण मोकळी झालेली जागा ‘डी’च्या शेवटी निघते. ‘सी’ वाढवायचा असेल तर मोकळी जागा ‘सी’ला अगदी लागून, त्याच्या पुढेच असावी लागते. मध्ये ‘डी’ उभा असल्याने ‘एक्स्टेंड’चा पर्याय दाबताच येत नाही. शेतीच्या वाटणीत शेजारच्या बांधापलीकडची जमीन आपल्या तुकड्याला जोडता येत नाही, तसेच हे. अशा वेळी ‘डी’ रिकामा करून काढून टाकणे किंवा पार्टिशन सरकवणारे वेगळे सॉफ्टवेअर वापरणे, हे दोनच मार्ग उरतात. दुसऱ्या मार्गात काम चालू असताना वीज गेली तर माहिती जाण्याची भीती असते. म्हणून सुरुवातीलाच ‘सी’ला थोडी सढळ हाताने जागा द्यावी.

ती छोटी छोटी पार्टिशन कशासाठी?

इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनवर ‘सी’ आणि ‘डी’खेरीज काही एमबीची दोन-तीन पार्टिशन दिसतात. ती बिनकामाची समजून उडवण्याचा मोह होतो. त्यातील ‘सिस्टीम’ नावाच्या पार्टिशनमध्ये संगणक सुरू करणाऱ्या फाइली असतात. १६ एमबीचे एक पार्टिशन विंडोज स्वतःसाठी राखून ठेवते. ‘रिकव्हरी’ पार्टिशनमध्ये विंडोज सुरूच झाली नाही तर दुरुस्ती करणारी साधने असतात.

या छोट्या कप्प्यांचे महत्त्व जानेवारी २०२४ मध्ये अनेकांच्या लक्षात आले. विंडोज १०च्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेक संगणकांत ती नव्हती. अपडेट पुन्हा पुन्हा फसत राहिले आणि स्क्रीनवर केवळ त्रुटीचा क्रमांक दिसत राहिला. अखेर ते पार्टिशन हाताने मोठे कसे करायचे, याच्या सूचना मायक्रोसॉफ्टला द्याव्या लागल्या. त्या सामान्य वापरकर्त्याला झेपणाऱ्या नव्हत्या.

रिकव्हरी पार्टिशन ‘सी’च्या लगेच पुढे असावे, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. तसे असेल तर गरज पडल्यास विंडोज ‘सी’तून थोडी जागा घेऊन ते स्वतः वाढवू शकते. विंडोज टाकून झाल्यावर ‘सी’ लहान करून ‘डी’ पाडला, तर ‘डी’ या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. म्हणूनही ‘सी’चा आकार इन्स्टॉलेशनच्या वेळीच ठरवलेला बरा. रिकाम्या डिस्कवर नवे पार्टिशन करताना तेथे आकार एमबीमध्ये भरावा लागतो. २०० जीबी हवे असतील तर २०० गुणिले १०२४, म्हणजे २,०४,८०० हा आकडा टाकावा. छोटी पार्टिशन विंडोज आपणहून करते.

सर्वांत मोठी चूक कुठे होते?

इन्स्टॉलेशनच्या यादीत ‘सी’, ‘डी’ ही ओळखीची अक्षरे नसतात. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ अशा ओळी असतात. मोजणी शून्यापासून होते. दोन डिस्क असतील तर ० कोणती आणि १ कोणती, हे केवळ नावावरून कळत नाही. एक्स्टर्नल डिस्क जोडलेली राहिली तर तीही याच यादीत येते. ज्या डिस्कवर बॅकअप घेतला तीच फॉरमॅट होण्याचा प्रकार अशाच वेळी घडतो.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला, इन्स्टॉलेशनपूर्वी ‘डी’ला ओळखता येईल असे नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘माझा डेटा’. यादीत हे नाव दिसते, मात्र खबरदारी म्हणून ते इंग्रजी अक्षरांत लिहावे. दुसरा, ‘स्टार्ट’वर उजवे क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे आणि त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कोणते पार्टिशन किती आकाराचे, हे त्यात दिसते. आकार जुळवून पाहिल्याशिवाय काहीही काढू नये. तिसरा, बॅकअप झाल्यावर एक्स्टर्नल डिस्क आणि जास्तीचे पेनड्राइव्ह काढून ठेवावेत.

‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट’ यांतही फरक आहे. फॉरमॅटने कप्पा रिकामा होतो, भिंती तशाच राहतात. डिलीटने भिंतच जाते आणि ती जागा ‘अनअलोकेटेड’ दिसू लागते. ‘डी’ तसाच ठेवून फक्त विंडोज बदलायची असेल, तर ‘सी’ तेवढा फॉरमॅट करून त्याच ओळीवर विंडोज टाकणे हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे.

यादीत एकही डिस्क न दिसणे, हाही एक अनुभव. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरवरील काही लॅपटॉपमध्ये डिस्क दिसण्यासाठी स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. डिस्क दिसत नाही म्हणजे ती बिघडली, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही’ असे का दिसते?

पार्टिशनच्या नोंदीचा तक्ता दोन प्रकारचा असतो. जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशन चारच करता येतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटीमध्ये विंडोज १२८ पार्टिशन करू देते. विंडोज ११साठी यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा संगणक लागतो आणि त्या पद्धतीत विंडोज जीपीटी डिस्कवरच टाकता येते. जुन्या संगणकातील डिस्क एमबीआर असेल तर इन्स्टॉलेशन तेथेच अडते.

अशा वेळी सर्व पार्टिशन डिलीट करून डिस्क नव्याने तयार करणे, हा दुकानांत सर्रास वापरला जाणारा उपाय. त्यात ‘डी’सुद्धा जातो. डेटा न पुसता एमबीआरचे जीपीटी करणारे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विंडोजमध्येच दिले आहे. पण ‘डी’ हा ‘लॉजिकल’ प्रकारचा असेल, तर ते काम करत नाही आणि जुन्या डिस्कवर ‘डी’ अनेकदा याच प्रकारचा असतो. त्यामुळे जुना संगणक दुरुस्तीला देताना ‘डी शाबूत राहील’ या भरवशावर राहू नये. डेटा आधी बाहेर काढावा, मग संगणक द्यावा.

‘डी’ शाबूत, पण कुलूपबंद?

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते. विंडोज ११च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉलेशन करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला तर पात्र संगणकांवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. ते ‘सी’पुरते नसते, आतील इतर पार्टिशनही त्यात येतात. अशा संगणकात नवी विंडोज टाकली की ‘डी’ दिसतो, पण उघडताना ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली नसेल तर आतील फाइली असून नसल्यासारख्या.

ही किल्ली सहसा संबंधित मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अडचण अशी, की लॅपटॉप सुरू करताना खाते कुणी उघडले होते, मुलाने की दुकानदाराने, हे अनेकांना आठवत नाही. म्हणून विंडोज काढण्यापूर्वी खाते उघडून किल्ली पाहावी आणि कागदावर उतरवावी. सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबणे, हा दुसरा मार्ग.

‘सी’वर काय काय राहून जाते?

‘माझे सगळे डीमध्ये आहे,’ असे सांगणाऱ्यांच्याही कितीतरी फाइली ‘सी’वर असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चारही फोल्डर मुळात ‘सी’वरच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेला प्रबंध ‘सी’बरोबर जातो. आउटलुक वापरणाऱ्यांच्या मेलची फाइल, ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड हेही तिथेच असतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते त्या सॉफ्टवेअरमध्येच पाहावे आणि त्यातीलच बॅकअपचा पर्याय वापरावा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तयार केलेली पत्रके, लग्नपत्रिका आणि पुस्तकांची पाने त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ‘सी’वर असतात. फाइली ‘डी’मध्ये सुखरूप राहिल्या, तरी फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मुद्रक, डीटीपी व्यावसायिक आणि वकिलांनी फॉन्टच्या फाइली, कीबोर्डची साधने आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचे क्रमांक आधी काढून ठेवावेत.

नव्या विंडोजमध्ये ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखी फोल्डर ‘डी’वर हलवता येतात. फोल्डरवर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘लोकेशन’. मात्र आधी ‘डी’मध्ये त्यासाठी वेगवेगळी फोल्डर करून तीच निवडावीत. वनड्राइव्हवर फाइली आहेत असे वाटत असेल, तर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर ते खाते उघडून खात्री करावी. मोफत खात्यात ५ जीबीच जागा मिळते आणि ती भरली की पुढच्या फाइली वर जात नाहीत.

लिनक्सही टाकायचे असेल तर?

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असतील तर आधी विंडोज, नंतर लिनक्स हा क्रम सोपा पडतो. विंडोजमधूनच एखादे पार्टिशन लहान करून मोकळी जागा करावी आणि लिनक्स त्या जागेत टाकावे. उबुंटूसाठी किमान २५ जीबी जागा सांगितली जाते. प्रत्यक्ष वापरासाठी ५० ते १०० जीबी ठेवावी. लिनक्सचे ‘होम’ वेगळ्या पार्टिशनवर ठेवले, तर पुढे लिनक्स नव्याने टाकतानाही फाइली राहतात. दोन्ही प्रणालींत लागणाऱ्या फाइली एनटीएफएस प्रकारच्या ‘डी’वर ठेवाव्यात. लिनक्सला तो वाचता येतो, विंडोजला मात्र लिनक्सचे पार्टिशन सहजी वाचता येत नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे, अन्यथा विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि ‘डी’वर लिखाण करताना लिनक्सला अडथळा येतो.

चुकून पार्टिशन उडाले तर?

पहिली गोष्ट, थांबावे. त्या डिस्कवर विंडोज टाकणे किंवा नवी फाइल ठेवणे बंद करून संगणक बंद करावा. फिरत्या हार्ड डिस्कवर पार्टिशन डिलीट झाले, तरी वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत आतील माहिती बऱ्याचदा शिल्लक असते आणि जाणकार ती काढू शकतात. एसएसडीवर ही आशा कमी असते. रिकाम्या झालेल्या जागेची सूचना प्रणाली एसएसडीला देते आणि एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून टाकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बाहेर प्रत घ्यावी. त्या प्रतीतील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. एन्क्रिप्शनची किल्ली उतरवावी, डिस्क मॅनेजमेंटचा फोटो घ्यावा, बॅकअपची डिस्क काढून ठेवावी. संगणक दुकानात देणार असाल, तर ‘डी ठेवायचा की नाही’ आणि ‘सी’ किती जीबीचा हवा, हे कागदावर लिहून द्यावे. या तयारीला अर्धा दिवस जातो, पण बाहेर चांगली प्रत असेल तर त्या स्क्रीनवर झालेली चूक दुरुस्त करता येते. प्रतच नसेल, तर ‘सी’ आणि ‘डी’चा हिशेब कितीही अचूक असला तरी गेलेल्या फाइली त्यातून परत मिळत नाहीत.